ब तुकडीतला तास

बी.एड. केलेल्या कोणालाही ‘छत्तीस मिनिटं’ म्हटलं की सूक्ष्म अध्यापन आठवतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं निरीक्षकांचं ऐकून घ्यायचं, बारा मिनिटांत टाचण दुरुस्त करायचं, पुन्हा सहा मिनिटं तेच शिकवायचं आणि पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. समोर खरी मुलं बहुधा नसतात. पाच-दहा वर्गमित्रच सातवीतली मुलं झालेले असतात आणि त्यांतला एखादा हटकून वात्रटपणा करतो. एका वेळी एकच कौशल्य: कधी फलकलेखन, कधी प्रश्न विचारणं, कधी उदाहरणं देणं, तर कधी नुसतं सज्जता प्रवर्तन, म्हणजे धडा सुरू करण्याआधी मुलांचं मन विषयाकडे वळवणं. मागे बसलेला निरीक्षक कागदावर रेघा मारत असतो. प्रश्न किती विचारले, ‘छान’ किती वेळा म्हटलं, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोललं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३च्या सुमारास ही पद्धत बसवली. सत्तरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी. के. पासी आणि इतरांनी तिच्यावर काम केलं, एनसीईआरटीनं ती उचलून धरली, आणि महाराष्ट्रातल्या अध्यापक महाविद्यालयांत ती इतकी मुरली की तिची थट्टा करत का होईना, विद्यार्थी तिच्यातून जातातच.

थट्टेला जागा आहे. शिकवणं असं सुट्या कौशल्यांत तोडता येतं का, हा जुना आक्षेप आहे आणि तो रास्तही आहे. उत्तम फलकलेखन आणि उत्तम प्रश्न यांची बेरीज केली की उत्तम तास होतो, असं काही नाही. तरीही त्या छत्तीस मिनिटांत एक गोष्ट घडते, जी पुढच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. कोणीतरी त्यांचं शिकवणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहतं, काय दिसलं ते तोंडावर सांगतं, आणि तोच भाग लगेच पुन्हा शिकवून बघायला मिळतो.

नोकरी लागली की वर्गाचं दार बंद होतं. आत मोठं माणूस एकच. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना डोकावतात ते बहुधा गोंधळ ऐकून. केंद्रप्रमुख येतात तेव्हा हजेरी, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि टाचणवही पाहण्यातच त्यांचा वेळ जातो, आणि शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ एवढ्या दोन शब्दांवर वर्षभराचं शिकवणं निकालात निघतं. विस्तार अधिकारी येणार अशी कुणकुण लागली तर ठेवणीतला पाठ बाहेर काढला जातो. तो मुलांनाही पाठ झालेला असतो.

मग शिक्षक शिकवायला शिकतो कुठून? शिकागो विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात त्याचं उत्तर दिलं, आणि ते आजही पटतं. शाळा संपेपर्यंत प्रत्येक माणसानं सुमारे १३,००० तास शिक्षकांना शिकवताना पाहिलेलं असतं. शिक्षक झालेला माणूस बी.एड.च्या वर्षा-दोन वर्षांपेक्षा या १३,००० तासांतूनच जास्त उचलतो. पाचवीतल्या बाईंची खडू फेकून मारायची सवय, नववीतल्या सरांची ‘हे परीक्षेला येणार’ म्हणून आवाज चढवायची लकब, सगळं नकळत अंगात भिनलेलं असतं. मात्र हे सगळं बाकावरून पाहिलेलं असतं. सरांनी आदल्या रात्री कोणतं उदाहरण घेतलं आणि कोणतं सोडून दिलं, कोणता प्रश्न ऐन वेळी गिळला, हे बाकावरून दिसत नाही. शैलीचा बाहेरचा भाग तेवढा हाती लागतो.

पुढच्या पानांत शिक्षकांनी आपापल्या वर्गाबद्दल लिहिलं आहे. त्याकडे वळण्याआधी या प्रस्तावनेत एवढंच पाहायचं आहे की शिकवण्याची शैली बदलते ती कशानं, आणि ज्यांची बदलली त्यांनी नेमकं काय केलं.

शैली म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वक्ता उभा राहतो. त्याला इतिहास आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून, आणि कीर्तनं धरली तर त्याच्या कितीतरी आधीपासून, महाराष्ट्राला उत्तम बोलणाऱ्याचं वेड आहे. एखाद्या प्राध्यापकाचा तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलं खिडकीत उभी राहत, अशा आठवणी प्रत्येक जुन्या कॉलेजात सांगितल्या जातात. ‘हाडाचा शिक्षक’ हे विशेषण मिळतं तेही बहुधा अशाच माणसाला. त्या आनंदाला नाव ठेवायचं कारण नाही. फक्त तो आनंद आणि शिकणं या दोन गोष्टी एकच आहेत का, हे तपासून पाहायला हवं.

अमेरिकेत ते १९७० मध्ये जरा खट्याळपणे तपासलं गेलं. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ असं नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजकार्याच्या शिक्षकांसमोर उभं केलं. विषय भारदस्त होता: वैद्यकीय शिक्षणात गणितातल्या खेळ-सिद्धांताचा उपयोग. नटाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. परस्परविरोधी विधानं, मनानं बनवलेले शब्द, विनोद आणि भरपूर हावभाव यांवर त्यानं वेळ मारून नेली. श्रोते सगळे शिकलेले, पण त्यांनी व्याख्यानाला उत्तम शेरे दिले, आणि हे नाटक होतं असा संशय कोणी घेतला नाही. त्याचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेल्या गुणांकनावर शिक्षकाची किंमत ठरवणाऱ्या संस्थांनी तो अधूनमधून वाचायला हवा. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांतल्या एका प्रयोगात याचीच दुसरी बाजू दिसली. ज्या मुलांना तासाला स्वतः गणितं सोडवत, आपसांत बोलत शिकावं लागलं ती प्रत्यक्ष चाचणीत पुढे होती. पण ‘आज किती शिकलात?’ असं विचारल्यावर, सफाईदार व्याख्यान ऐकलेल्या मुलांनीच स्वतःला जास्त गुण दिले. डोक्याला झालेला त्रास मुलांनी न कळण्याच्या खात्यात टाकला.

त्याच हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांची गोष्ट घडली. ते भौतिकशास्त्राचे लोकप्रिय प्राध्यापक; मुलांचे अभिप्राय छान, परीक्षेतली अवघड गणितंही मुलं सोडवत. मग १९९०च्या सुमारास एक संशोधन त्यांच्या वाचनात आलं: महाविद्यालयात वर्षभर भौतिकशास्त्र शिकूनही मुलांच्या गती आणि बलाविषयीच्या भाबड्या कल्पना जशाच्या तशा राहतात. आपल्या मुलांचं असं होणार नाही, अशा खात्रीनं त्यांनी वर्गात साधे प्रश्न दिले. अवजड ट्रक आणि लहानशी मोटार यांची टक्कर झाली तर कोणाचं बल कोणावर जास्त? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलं इथे ट्रकच्या बाजूनं गेली. एका मुलीनं तर विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला खरं वाटतं तसं. मझूर यांनी याचा राग मानला नाही, त्यांनी तास मोडून नव्यानं बसवला. दहाएक मिनिटं बोलायचं, मग असा एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर नोंदवायचं, शेजाऱ्याला ते पटवून द्यायचा प्रयत्न करायचा आणि मग पुन्हा उत्तर द्यायचं. ज्याला नुकतंच कळलं आहे त्याला न कळणं कसं असतं ते आठवत असतं. प्राध्यापक ते केव्हाच विसरलेला असतो.

‘एवढ्या मोठ्या वर्गात हे कसं जमायचं?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. त्याचं एक उत्तर पवईला मिळालं. आयआयटी मुंबईत संगणक-प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या अवाढव्य वर्गात श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच तीन टप्प्यांची रीत वापरली: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग सगळ्यांसमोर मांडणं. त्या वेळात मुलं खरोखर कामात असतात की गप्पा मारतात, हे त्यांनी निरीक्षक बसवून मोजलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच आकडा आहे: ८३ टक्के. शंभर-दीडशेच्या वर्गापुढे उभ्या असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकानं हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही. ज्यांना एका वर्गावर विश्वास ठेवायचा नाही, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आहेत. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८.

मात्र सगळा तास मोडून नव्यानं बसवण्याइतकी मोकळीक शाळेतल्या शिक्षकाला नसते. पाठ्यपुस्तक ठरलेलं, घटक चाचणीची तारीख ठरलेली, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. त्यानं हात घालायचा तो लहान गोष्टींना. त्यांतली सर्वांत लहान म्हणजे थांबणं.

मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेनं प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती घड्याळ लावून ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला उभं करत, नाहीतर स्वतःच सांगून टाकत. हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागली. दोन सेकंदांचा फरक! पण ते दोन सेकंद शिक्षकाला युगासारखे वाटतात, कारण वर्गातली शांतता म्हणजे आपली पकड सुटली, असं त्याला वाटत असतं.

आपल्याकडे या घाईचं एक खास देशी रूप आहे. शिक्षक अर्धं वाक्य सोडतो, वर्ग ते पुरं करतो. ‘वनस्पती सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न तयार करतात, या क्रियेला म्हणतात प्रकाशसं...?’ ‘...श्लेषण!’ चाळीस गळे एकदम. ‘आणि त्यासाठी हवेतला कोणता वायू लागतो? कार्बन डाय...?’ ‘...ऑक्साइड!’ ‘कळलं का सगळ्यांना?’ ‘हो ऽऽऽ!’ व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, काय जिवंत तास चालला आहे. प्रत्यक्षात पुढच्या दोन बाकांवरची मुलं बोलतात, मधली ओठ हलवतात, शेवटची नुसता सूर धरतात. शिक्षकाच्या हाती त्या ‘हो’मधून काहीच लागत नाही. मोबाइल टेबलावर ठेवून एका तासाचं ध्वनिमुद्रण करावं आणि घरी ऐकताना दोनच गोष्टी मोजाव्या: असे अर्धे प्रश्न किती आणि ‘का?’, ‘कशावरून?’ असे पूर्ण प्रश्न किती. आपलाच आवाज ऐकणं कोणालाच आवडत नाही, पण हा आकडा शेरेबुकातल्या दहा वर्षांच्या शेऱ्यांपेक्षा जास्त सांगतो.

माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाकडे याहून मोठं एक साधन आयतं असतं, आणि त्याची दखल प्रशिक्षणांत क्वचितच घेतली जाते. ते म्हणजे तुकड्या. एकच धडा एकाच दिवशी आठवी अ, ब आणि क वर घ्यायचा. शिक्षक याला कंटाळतात. तेच तेच तीनदा. पण ते तेच नसतं. समजा, बाईंना आज बेरजेच्या वर्गाचं सूत्र घ्यायचं आहे. अ तुकडीत त्या फळ्यावर सूत्र लिहितात, दोन उदाहरणं सोडवून दाखवतात, पाच सोडवायला देतात. वह्या बघत फिरताना दिसतं की अनेकांनी मधलं पद गाळलं आहे: अ अधिक ब चा वर्ग म्हणजे अ-वर्ग अधिक ब-वर्ग. गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला ही चूक तोंडपाठ असते. दुसऱ्या तासाला ब तुकडीत बाई सूत्राच्या आधी एक मोठा चौरस काढतात. बाजू १२, तिचे दोन तुकडे, १० आणि २. चौरसाचे चार भाग पडतात: १००, २०, २० आणि ४. मुलं मोजतात, १४४. आता मधले दोन आयत डोळ्यांसमोर असतात, ते विसरणं अवघड जातं. जेवणाच्या सुट्टीनंतर क तुकडी. तोवर बाईंना आणखी काहीतरी सुचलेलं असतं. चौरसाच्याही आधी त्या विचारतात, ‘१२ चा वर्ग १०४ असं कोणी म्हणालं, तर त्याचं काय चुकलं?’ आणि थांबतात. चूक आता मुलांची उरत नाही, वर्गापुढचं कोडं होते.

तीन तासांत त्या बाईंनी जे केलं त्याला संशोधन म्हणायला काहीच हरकत नाही. दुर्दैव असं की ते संध्याकाळी पाचच्या घंटेबरोबर पुसलं जातं. टाचण तासाच्या आधी लिहायचं असतं, तासानंतर काय झालं ते लिहायला टाचणवहीत रकाना नसतो, असलाच तर तो ‘उद्दिष्ट साध्य’ एवढ्यानं भरला जातो. पुढच्या वर्षी जुनं टाचण नव्या वहीत उतरवलं जातं आणि अ तुकडी पुन्हा सूत्रापासून सुरू होते. वीस वर्षांचा अनुभव आणि वीस वेळा घेतलेला एका वर्षाचा अनुभव यांत फरक पडतो तो इथेच. समासात एक ओळ पुरते: ‘मधलं पद गाळलं, क मध्ये १०४ चा प्रश्न आधी घेतला, चालला.’

जपाननं ही समासातली ओळच सार्वजनिक केली. तिथल्या प्राथमिक शाळांत शिक्षकांचे गट मिळून एकच पाठ तयार करतात. त्याची मुळं मेइजी काळापर्यंत मागे जातात, पण बाहेरच्या जगाला त्याची नीट ओळख झाली ती जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९च्या ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकानं. गटातला एक जण तो पाठ खऱ्या वर्गात घेतो, बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. पाहायचं असतं मुलांकडे: कोणी काय लिहिलं, कोण कुठे अडलं. त्याच दिवशी बसून चर्चा, पाठात बदल, मग दुसऱ्या वर्गावर दुसऱ्या शिक्षकाकडून तोच पाठ. त्या पुस्तकातलं उदाहरण पहिलीच्या वजाबाकीचं आहे, आणि त्यातली शिक्षकांची चर्चा वाचताना हसू येतं आणि मग हेवा वाटतो. सुरुवात कोणत्या आकड्यांनी करायची, यावर बैठका! पण विचार केला तर त्यात अर्थ आहे. १३ मधून ९ काढायला सांगितलं की मूल सहज दहातून ९ काढतं आणि उरलेल्या एकात तीन मिळवतं. १२ मधून ३ म्हटलं की ते आधी दोन काढतं, मग दहातून एक. आकडे बदलले की मुलाच्या डोक्यातली वाट बदलते. फळ्याचंही तसंच. जपानी शिक्षक तासभर फळा सहसा पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या वेगवेगळ्या रीती, उजवीकडे निष्कर्ष, म्हणजे तासाच्या शेवटी सगळा प्रवास एका नजरेत दिसतो. आपल्याकडे सूत्र येण्याआधीच डस्टर फिरतं.

याचा अर्थ जपानकडून काही आयात करायला हवं असा नाही, कारण सांगाडा इथे तयार आहे. महाराष्ट्रात दर दहाएक शाळांमागे एक केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहे, आणि केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरवायची पद्धत आहे. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नमुना पाठही असतो. होतं असं की परिपत्रकं, ऑनलाइन माहिती भरायच्या सूचना आणि शिष्यवृत्तीच्या याद्या यांतच दुपार होते, आणि नमुना पाठ जेवणानंतरच्या पेंगेत उरकला जातो. समोर मुलं नसली तर तो पाठ कसला, भाषणच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. हे तास पडद्यावरच्या चित्रफिती पुढे सरकवण्यात गेले काय आणि शेजारच्या शाळेतल्या चौथीच्या वर्गात मागे बसून गेले काय, हिशेबात आकडा सारखाच दिसेल.

दुसरं घडू शकतं, याचे दाखले जवळचेच आहेत. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून २००२ पर्यंत चाललेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात प्रयोग करून शिकणं होतंच, पण त्याचा कणा होती शिक्षकांची मासिक बैठक. वर्गात फसलेला प्रयोग तिथे मांडायचा आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा करून बघायचा. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व काडेपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार करण्याचं त्यांचं काम तिथेच सुरू झालं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीनं वर्ग बदलले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. परत येऊन अनेकांनी वर्गातली फरशी रंगवली. काहींच्या फरशीवरच्या आकृत्या मुलांच्या हातापायाखाली रोज वापरल्या गेल्या, काहींच्या अधिकाऱ्यांच्या भेटीपुरत्या चमकल्या. दुसऱ्याची शैली बघायला जाणं चांगलंच, पण आणताना रंगाचा डबा तेवढा आणला तर काय होतं, तेही या निमित्तानं सगळ्यांनी पाहिलं.

उलट, शैली मुळापासून बदललेल्या माणसांकडे पाहिलं तर बदलाचं कारण बहुधा समोरचं मूल असतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, माँटेसोरी पद्धत पचवून आल्या होत्या. दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं. त्यांची कीर्ती झालेली होती. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या आणि तिथल्या गरीब वस्त्यांतली मुलं काही बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली, एखाद्या घराच्या अंगणात भरू लागली. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला पडली आणि शिंपले, बिया, खडे आले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीनं हे काम वाढलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा चुकते असं दिसल्यावर कुरणातच शाळा भरली. तत्त्व माँटेसोरीचंच राहिलं: मुलानं हातानं करून शिकायचं. वागणं, वेळ, जागा, वस्तू, भाषा सगळं बदललं. ‘माझी पद्धत अशी आहे’ म्हणून अडून बसायचा अधिकार ताराबाईंइतका फार थोड्यांना होता.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनीही वाचन शिकवण्याची रीत अशीच मुलांकडे बघून बसवली. मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, फलटणच्या मराठीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेत जाऊनही वाचता न येणारी दलित वस्तीतली मुलं त्यांच्यासमोर होती. सगळे स्वर, मग क ते ज्ञ, मग बाराखडी या क्रमात अर्थाचं वाक्य येईपर्यंत मूल कंटाळून जातं. त्यांनी अक्षरांचे गट पाडले. थोडी व्यंजनं आणि त्यांच्याबरोबर लगेच एखाद-दुसरी मात्रा, म्हणजे पहिल्या काही दिवसांतच मूल स्वतः शब्द वाचतं, तोही ओळखीचा. आणि परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक केलं. कोडच्या आधीची पायरी तितकी गाजली नाही: पुस्तकातली भाषा मुलींच्या घरची नव्हती, म्हणून त्यांनी मजकूर त्यांच्या मातृभाषेत नेला.

या सगळ्यांत अडचणीचा भाग उरतोच, आणि तो शिक्षकाच्या स्वभावाचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. तरी शिक्षकाच्या मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या ‘तातडीनं माहिती भरा’ या संदेशांना कलम ठाऊक नसतं. दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. सहकाऱ्याला वर्गात बोलवायचं म्हणजे आपली फजिती त्याला दाखवायची, आणि मुख्याध्यापकांना बोलवायचं म्हणजे जे गोपनीय अहवाल लिहितात त्यांनाच दाखवायची. मदतीसाठी बघणारा आणि शेरा मारणारा एकच असेल तर ठेवणीतला पाठच बाहेर येणार. म्हणून बघायला येणारा माणूस बरोबरीचा हवा, आणि बोलणं पाठाबद्दल हवं: ‘तुम्ही घाई केलीत’ असं न म्हणता ‘तिसऱ्या रांगेतल्या मुलानं चौरसाचे भाग नीट पाडले, पण बेरीज करताना एक वीस सोडला’ असं.

यासाठी निधी लागत नाही, वेळापत्रक लागतं. जूनमध्ये ते बसवताना गणिताच्या दोन शिक्षकांचे तास असे लावता येतात की एकाचा ऑफ तास दुसऱ्याच्या आठवी ब च्या तासावर पडेल. कोणी रजेवर असलं की पर्यवेक्षकांचा डोळा पहिला जातो तो अशाच ऑफ तासांवर. साडेदहाला शिपाई चिठ्ठी घेऊन येतो, नववी क वर जा. तेव्हा आठवड्यातला तेवढा एक तास वेळापत्रकात लाल शाईनं राखून ठेवायचा, आणि त्यावर बदली काम द्यायचं नाही हे पर्यवेक्षकांकडून जूनमध्येच कबूल करून घ्यायचं.